चिखलवाट, चुकलेला फाटा आणि परतीची वेळ

वाचकांचे प्रश्न : सायकलवरची भटकंती

प्रश्न : आम्ही अकरा जण एका दिवसाच्या सायकल-सहलीला निघालो होतो. वाट कच्ची, बरीचशी झाडीतून जाणारी आणि एकूण ३८ किलोमीटरची होती. आधीचा आठवडाभर पाऊस झाला होता. पण निघताना आकाश मोकळे असल्यामुळे पाच तासांत परत येऊ, असे आम्ही धरून चाललो. बारा किलोमीटरनंतर चिकट चिखल लागला, चाके अडकू लागली आणि पुढचे व मागचे यांच्यातील अंतर वाढत गेले. एका फाट्यावर पुढचे सात जण उजवीकडे गेले. मागून आलेले आम्ही चौघे डावीकडे वळलो, कारण ओल्या मातीत टायरचे ताजे ठसे डावीकडेच स्पष्ट दिसत होते. ते दुसऱ्याच कुणाचे होते, हे फार उशिरा लक्षात आले. वाटेचा नकाशा फक्त म्होरक्याच्या फोनमध्ये होता. पुढचे लोक आम्हाला शोधायला मागे फिरले, आणि आम्ही त्यांना गाठण्यासाठी पुढे जात राहिलो. अंधार पडल्यानंतर दोन तासांनी आम्ही कसेबसे पक्क्या रस्त्याला लागलो. कुणाला मोठी इजा झाली नाही. पण तेव्हापासून गटात एकमेकांना बोल लावणे चालू आहे. आमचे नेमके कुठे चुकले, आणि याची जबाबदारी म्होरक्याची मानायची का?

उत्तर : आपण सर्व जण सुखरूप परतलात, हे वाचून हायसे वाटले. अंधारात, ओल्या कपड्यांनी आणि नकाशाविना दोन तास चालणे हा किरकोळ प्रसंग नाही, आणि त्यातून निर्माण झालेली कटुता मी समजू शकतो. तरीही म्होरक्याला एकट्याला दोषी धरणे मला योग्य वाटत नाही. त्याने काय करायचे, कुठे थांबायचे आणि कोणत्या क्षणी सहल आवरती घ्यायची, हे निघण्यापूर्वी गटाने ठरवलेच नव्हते, असे आपल्या पत्रावरून दिसते. जे काम कुणी कुणाला सोपवलेलेच नाही, ते न केल्याचा ठपका एका माणसावर ठेवता येत नाही.

माझ्या मते ही सहल फाट्याच्या बरीच आधी, चिखलाचा पहिला पट्टा लागला त्या ठिकाणीच बिघडली होती. पाच तासांचा आपला हिशेब कोरड्या वाटेचा होता, आणि कोरड्या वाटेसाठी तो रास्तही होता. परंतु जिथे सायकल ढकलावी किंवा खांद्यावर घ्यावी लागते, तिथे ताशी तीन किलोमीटरची चालसुद्धा चांगली म्हणायची. अशा चिखलाचे दहा किलोमीटर वाट्याला आले, तर तेवढेच तीन तासांहून अधिक वेळ खातात. विल्यम नेस्मिथ या स्कॉटिश गिर्यारोहकाने १८९२ साली पायी चालणाऱ्यांसाठी एक साधा नियम सांगितला होता : दर पाच किलोमीटरला एक तास धरावा आणि दर सहाशे मीटर चढाला आणखी एक तास जोडावा. चिखलात सायकलस्वार हा पादचारीच होतो, आणि वर त्याच्या हातात पंधरा किलोंचे ओझे असते. म्हणून पुढची वाट चिखलाची आहे असे दिसताच उरलेल्या अंतराला हा नियम लावून पाहावा आणि येणारे उत्तर कमीत कमी वेळ म्हणून धरावे. बाराव्या किलोमीटरला आपल्यापुढे सव्वीस किलोमीटर उरले होते. हा हिशेब त्याच जागी, सर्वांनी एकत्र उभे राहून केला असता, तर मागे फिरण्याचा निर्णय आपोआप झाला असता.

यासाठी परतीची वेळ निघण्यापूर्वी ठरवून ती सर्वांना सांगावी, असा माझा आग्रह आहे. समजा, सकाळी सातला निघायचे आहे आणि सूर्य सायंकाळी सहाला मावळतो. हाताशी अकरा तास आहेत. त्यातील दोन तास पंक्चर, मोडतोड आणि चुकलेल्या वळणांसाठी बाजूला काढावेत. उरलेल्या नऊ तासांचे निम्मे म्हणजे साडेचार तास. तेव्हा साडेअकराला जिथे असू तिथून मागे वळायचे. वाट वर्तुळाकार असेल, तर साडेअकरापर्यंत निम्मे अंतर पार झालेच पाहिजे, अन्यथा आल्या वाटेने परतायचे. झाडीत सूर्यास्तापूर्वीच अंधारून येते, हेही ध्यानात घ्यावे. ही वेळ आधी ठरवण्याचे कारण असे, की दमलेला माणूस आणि त्यातही दमलेला गट कधीच मागे फिरायला तयार नसतो. एवढे आलो आहोत तर पुढच्या वळणानंतर वाट सुधारेल, असे प्रत्येकाला वाटत राहते, आणि मागे फिरू या असे म्हणणारा पहिला माणूस होण्याचे धैर्य कुणालाच होत नाही. घड्याळाने सांगितले, की ते ओझे कुणा एकावर पडत नाही.

आता फाट्याविषयी. गटाचा एक पहिला आणि एक शेवटचा स्वार नेमलेला असावा आणि दिवसभर कुणीही त्यांच्या पुढे किंवा मागे जाऊ नये. प्रत्येक फाट्यावर म्होरक्याने शेवटचा स्वार डोळ्यांना दिसेपर्यंत थांबावे. गट मोठा असेल, तर म्होरक्याच्या मागचा स्वार फाट्यावर उभा करावा. तो येणाऱ्यांना वाट दाखवील आणि शेवटच्या स्वाराबरोबर पुढे येईल, तोवर पुढच्या फाट्यावर दुसरा कुणी उभा राहिलेला असेल. टायरच्या ठशांवर विसंबणे साहजिक असले, तरी ते फसवे असते. ठसा फार तर सायकल गेली एवढे सांगतो. ती आपल्या गटातली होती की नाही, हे तो सांगत नाही.

चुकामूक झाल्यावर दोन्ही तुकड्या हलत राहिल्या, ही मला सर्वांत गंभीर बाब वाटते, कारण अशा वेळी दोघांमधील अंतर नेमके किती आणि कोणत्या दिशेला आहे, हे कुणालाच कळत नाही. मागे राहिलेल्यांनी शेवटच्या खात्रीच्या जागेपर्यंत परत यायचे आणि तिथेच थांबायचे. शोधायला फक्त पुढच्यांनी यायचे, असा नियम आधीच सर्वांना ठाऊक असावा. प्रत्येकाच्या पिशवीत एक शिट्टी असावी. एका मिनिटात सहा वेळा शिट्टी किंवा विजेरीची उघडझाप, मग एक मिनिट थांबून पुन्हा तेच, हा डोंगराळ भागात अनेक देशांत ओळखला जाणारा संकटाचा इशारा आहे. त्याला मिनिटाला तीन वेळा उत्तर दिले जाते. उत्तर अमेरिकेत मात्र तीनचाच इशारा संकटाचा मानतात. आपल्या गटाने कोणताही एक ठरवावा, पण तो सर्वांना पाठ असावा.

गटात समेट घडवायचा असेल, तर झाल्या प्रकाराची उजळणी करण्याऐवजी पुढच्या सहलीचे हे नियम सर्वांनी एकत्र बसून लिहून काढावेत, आणि लेखणी म्होरक्याच्याच हाती द्यावी.

प्रश्न : चिखलातून जाताना माझ्या सायकलचा मागचा डिरेलर (गिअर बदलताना चेन सरकवणारा भाग) तुटून थेट चाकाच्या तारांत गेला. दुकानदार म्हणाला, की मी जोर लावल्यामुळे तो तुटला. चिखलात जोर लावायचा नाही, तर सायकल पुढे जायची कशी?

उत्तर : दुकानदाराचे म्हणणे बरोबर आहे, पण ते अपुरे आहे. डिरेलरच्या खालच्या भागात दोन लहान दातेरी चाके असतात आणि त्यांच्यामधून चेन फिरते. चिकट माती, गवत आणि काटक्या त्या चाकांभोवती गुंडाळल्या गेल्या, की ती फिरेनाशी होतात. अशा वेळी पेडलवर जोर दिला, तर पुढे न सरकणारी चेन संपूर्ण डिरेलरलाच आपल्याबरोबर ओढते. तो ज्या लहान पट्टीवर बसवलेला असतो ती वाकते आणि डिरेलर तारांमध्ये शिरतो. सायकलच्या दुकानांत हँगर म्हणतात ती हीच पट्टी. बहुतेक सायकलींत ती मुद्दाम मऊ अॅल्युमिनियमची केलेली असते, जेणेकरून धक्का बसल्यास सांगाड्याऐवजी ती वाकावी किंवा तुटावी.

हे घडण्यापूर्वी सायकल बहुधा इशारा देते. मागून कटकट असा आवाज येऊ लागतो, पेडल मारणे थांबवल्यावर चेनची वरची बाजू सैल होऊन लोंबते किंवा पेडल एकाएकी जड होते. यांपैकी काहीही जाणवले, की त्याच क्षणी पेडल थांबवून खाली उतरावे. काटकी घेऊन त्या दोन लहान चाकांमधली आणि मागच्या दातेरी चक्रांमधली माती कोरून काढावी, पेडल हाताने उलटे फिरवून चेन मोकळी फिरते याची खात्री करावी आणि मगच पुढे जावे. यात दोन मिनिटे जातात. तुटलेल्या डिरेलरमुळे संपूर्ण गटाचा तास जातो.

तुटलाच, तर घरी परतण्याचा मार्ग आहे. डिरेलर काढून केबल सांगाड्याला बांधून टाकावी, चेन उघडून पुढच्या आणि मागच्या अशा दात्यांवर बसवावी की ती सरळ रेषेत राहील, जास्तीच्या कड्या काढून ती आखूड करावी आणि क्विक लिंकने, म्हणजे चेनची टोके जोडणाऱ्या सुट्या कडीने, जोडावी. सायकल एका गिअरची होते, पण चालते. मागे सस्पेन्शन असलेल्या सायकलीत ते दबताना चेनवरचा ताण बदलतो, म्हणून तिथे थोडी ढील ठेवावी लागते आणि चेन अधूनमधून उतरते. यासाठी चेन उघडण्याचे हत्यार, आपल्या चेनच्या गिअरसंख्येला जुळणारी क्विक लिंक आणि आपल्याच सायकलला बसणारा हँगर जवळ असावा. हँगर प्रत्येक सांगाड्याला वेगळा लागतो. मित्राचा आपल्याला बसेलच असे नाही, म्हणून तो आधी विकत घेऊन लावून पाहावा.

प्रश्न : चिखलात सायकल घसरते आणि चाकेही भरतात. टायरमधली हवा कमी करावी का? आणि काही ठिकाणी पातळ चिखलातून सहज जाता येते, पण जरा सुकलेल्या मातीत चाक फिरेनासे होते, असे का?

उत्तर : आपले निरीक्षण अचूक आहे. चिकणमातीचे कण ०.००२ मिलिमीटरपेक्षाही लहान असतात, आणि त्यांची चिकटण्याची ताकद मातीतल्या पाण्याच्या प्रमाणावर अवलंबून असते. अगदी कोरडी माती चिकटत नाही, अगदी पातळ झालेली वाहून जाते. मधल्या अवस्थेतली मात्र टायरला थरावर थर चढवत राहते. त्यामुळे पाऊस थांबून वाट सुकू लागते, तीच वेळ सायकलसाठी सर्वांत वाईट असते. मळलेल्या कणकेसारखी झालेली ही माती टायर आणि पुढचा चिमटा यांच्यामधल्या फटीत साचते आणि चाक जागच्या जागी थांबते. रुंद टायरने ही फट आणखी कमी होते. चिखलातच खेळल्या जाणाऱ्या सायक्लोक्रॉसच्या आंतरराष्ट्रीय शर्यतींत टायरच्या रुंदीवर ३३ मिलिमीटरची मर्यादा आहे, आणि अरुंद टायर वरचा मऊ थर कापून खालच्या घट्ट जमिनीपर्यंत पोहोचतो, असा तिथला अनुभव आहे. अर्थात त्या शर्यतींत स्वार भरलेली सायकल ठरावीक जागी देऊन धुतलेली दुसरी घेतात. आपल्याला ती सोय नाही.

हवा नेहमीपेक्षा २ ते ३ पीएसआय (हवेच्या दाबाचे एकक) इतकी कमी केल्यास टायर जमिनीवर अधिक पसरतो आणि पकड सुधारते. याहून कमी केली आणि वाटेत दगड असले, तर ट्यूब रिमखाली चेमटून तिला दोन बाजूंनी भोके पडतात. हलका गिअर चिखलात शिरण्यापूर्वी घ्यावा, चिखलात शिरल्यावर नव्हे. सीटवर बसून वजन किंचित मागे ठेवावे, पेडल एकसारखे फिरवावे, हँडल सैल धरावे आणि नजर चाकापाशी न ठेवता पुढे ठेवावी. उतारावरच्या चिखलात पुढचा ब्रेक दाबला, तर चाक बाजूला निसटते. वेग चिखलाच्या आधीच कमी करावा. ओल्या रेतीने ब्रेकचे पॅड एका दिवसातही संपू शकतात, तेव्हा निघण्यापूर्वी त्यांची जाडी पाहावी. ओल्या गवताचा पट्टा मिळाला, तर त्यावरून चाक फिरवून घ्यावे. बरीच माती तिथेच सुटते.

प्रश्न : रेंज नसलेल्या भागात फोनवरचा नकाशा चालतो का?

उत्तर : जागा दाखवणारी जीपीएस यंत्रणा उपग्रहांवर चालते, तिला मोबाइलचे नेटवर्क लागत नाही, नकाशाचे चित्र मात्र लागते, आणि ते आधी उतरवून ठेवलेले नसेल तर कोऱ्या पडद्यावर नुसता ठिपका दिसतो. म्हणून त्या भागाचा नकाशा आणि वाटेची फाइल गटातील प्रत्येकाने आपापल्या फोनमध्ये घरूनच घ्यावी. फोन फ्लाइट मोडवर ठेवल्यास बॅटरी बरीच टिकते, कारण रेंज शोधण्यात ती झपाट्याने खर्च होते. मोकळ्या आकाशाखाली फोनची चूक सुमारे पाच मीटरची असते, दाट झाडीत ती वाढते. शेजारून जाणाऱ्या दोन पायवाटांपैकी आपण कोणत्या वाटेवर आहोत, हे तो नेहमीच सांगू शकत नाही. फाटा ओलांडल्यावर शंभरेक मीटरवर थांबून ठिपका आपल्याच रेषेवर आहे ना, हे पाहावे.

प्रश्न : मी गटात सर्वांत मागे असते. पुढचे लोक थांबतात, पण मी पोहोचताच निघतात. चिखलात तर मला थंडी वाजून हातपाय थरथरू लागले होते, तरी सर्वांचा खोळंबा नको म्हणून मी काही बोलले नाही. मी गटाबरोबर जाणे सोडावे का?

उत्तर : कृपा करून सोडू नका. आपण वर्णन केलेला प्रकार जवळजवळ प्रत्येक गटात घडतो, आणि तो थांबवण्याची जबाबदारी पुढच्यांवर आहे. पुढच्यांना दहा मिनिटे विश्रांती मिळते आणि जिला ती सर्वांत जास्त हवी असते, तिला एक मिनिटही मिळत नाही. दिवसभर असे होत राहिले, तर मागची व्यक्ती अधिकच मागे पडते. विश्रांतीची वेळ शेवटचा स्वार पोहोचल्यापासून मोजायची, हा नियम आपण निघण्यापूर्वीच सर्वांसमोर मांडा. तो मांडणे म्हणजे सवलत मागणे नव्हे.

थरथरण्याकडे मात्र आपण दुर्लक्ष करायला नको होते, आणि हे मी काळजीपोटी स्पष्टपणे लिहीत आहे. शरीराच्या आतले तापमान ३५ अंश सेल्सिअसच्या खाली गेले, की त्याला हायपोथर्मिया म्हणतात. त्यासाठी बर्फ पडावा लागत नाही. भिजलेले कपडे, वारा, थकवा आणि रिकामे पोट एकत्र आले, तर दहा अंशांच्या हवेतही तो होऊ शकतो. आधी थरथर, मग बोटांनी जाकिटाची साधी चेनसुद्धा लावता न येणे, अडखळणे, अस्पष्ट बोलणे, आणि पुढे थरथर थांबून सुस्ती, असा त्याचा क्रम असतो. थरथर उबेशिवाय थांबली, तर प्रकृती सुधारली असे कुणी समजू नये. ती गंभीर अवस्था आहे आणि तातडीची मदत बोलवावी लागते. सुती कपडे पाणी धरून ठेवतात आणि सावकाश सुकतात, म्हणून ते टाळावेत. एक कोरडा अंगरखा आणि वारा अडवणारे हलके जाकीट प्लॅस्टिकच्या पिशवीत बांधून जवळ ठेवावे, आणि भूक लागण्याची वाट न पाहता दर तासाला थोडे खावे. लांब पल्ल्यावर ताशी ३० ते ६० ग्रॅम कर्बोदके पोटात जावीत, असे सर्वसाधारण प्रमाण आहे. थांबायला लावणारी व्यक्ती गटाचा वेळ घेते, हे खरे. बेशुद्ध पडणारी व्यक्ती गटाचा संपूर्ण दिवस घेते.

प्रश्न : चिखलातल्या सहलीनंतर तीन दिवसांनी आमच्यापैकी दोघांना जुलाब आणि ताप आला. याचा चिखलाशी संबंध असू शकतो का?

उत्तर : असू शकतो. २००७ साली कॅनडातील ब्रिटिश कोलंबियात आणि २००८ साली वेल्समध्ये चिखलातल्या सायकल शर्यतींनंतर अनेक स्पर्धक कॅम्पिलोबॅक्टर या जंतूने आजारी पडले होते. वाटेवरची जनावरांची विष्ठा चिखलात मिसळते आणि चाकावरून उडून तोंडात व पाण्याच्या बाटलीच्या तोंडावर बसते. हा आजार बहुधा दोन ते पाच दिवसांनी दिसतो. बाटलीला झाकण असावे किंवा पाणी पाठीवरच्या पिशवीतून नळीने प्यावे, तोंडाशी येणारे टोक आधी पुसावे, खाण्यापूर्वी हात धुवावेत आणि पुढच्या चाकाला मडगार्ड लावावे. दुसरी काळजी लेप्टोस्पायरोसिसची : जनावरांच्या मूत्राने दूषित झालेला चिखल खरचटलेल्या त्वचेतून आजार देऊ शकतो, आणि तो दोन दिवसांपासून महिन्याभरापर्यंत कधीही डोके वर काढतो. ताप, तीव्र डोकेदुखी, पोटऱ्या दुखणे किंवा डोळे लाल होणे यांपैकी काही असल्यास डॉक्टरांकडे जाताना चिखलातल्या सहलीचा उल्लेख आवर्जून करावा, कारण उपचार लवकर सुरू होणे महत्त्वाचे असते. आपल्या दोघा सोबत्यांनीही डॉक्टरांना हे सांगितले आहे ना, याची खात्री करून घ्यावी.

प्रश्न : चिखलाने भरलेली सायकल जोराच्या फवाऱ्याने धुवावी का? आणि पावसानंतर किती दिवसांनी अशा वाटेवर जावे?

उत्तर : जोराचा फवारा हब (चाकाचा मधला भाग), पेडलचा आस आणि हँडलचा खांब यांच्या बेअरिंगमध्ये पाणी आणि रेती घुसवतो आणि आतले वंगण धुऊन काढतो. साध्या नळीच्या मंद धारेने माती भिजवून ब्रशने काढावी, चेन पुसून पूर्ण सुकल्यावर तेल द्यावे आणि जास्तीचे तेल फडक्याने टिपून घ्यावे. ब्रेकच्या चकत्यांवर तेलाचा थेंबही जाऊ देऊ नये.

किती दिवसांनी जावे, याचे उत्तर मातीवर ठरते. रेताड किंवा खडकाळ वाट एका दिवसातही निचरते; चिकणमातीची, सावलीतली वाट आठवडाभर ओली राहू शकते. अशा वाटेवर चाकाने पडलेल्या चरांत पुढच्या पावसाचे पाणी वाहते, चर खोल होतात आणि सुकल्यावर ते दगडासारखे कडक होतात. मग पायी चालणारे आणि सायकलवाले कडेने जाऊ लागतात आणि वाट रुंदावत जाते. म्हणून वाटेच्या सुरुवातीलाच बुटाने माती दाबून पाहावी. तळव्याला जाड थर चिकटून आला, तर त्या दिवशी खडीचा रस्ता धरावा.